केटलीबाहेरची साखर

बूश्ता खोगिरं शिवायचा. दवाखान्यात साखरेचा आजार निघाला आणि तो गावच्या चहाच्या बैठकीला जायचाच बंद झाला. त्या डोंगराळ मुलखात साखर पेल्यात घालत नाहीत, केटलीतच शिजवतात. आणि पुढं आलेला पेला नाकारला तर घरधनी वर्षभर तोंड बघत नाही. आजारापेक्षा चाळीस वर्षांची बैठक सुटायचीच त्याला जास्त धास्ती.

नवव्या दिवशी बैठकीतला मिलूद दारात हजर. "काय रं, आमच्या चहात शेण पडलं काय?"

बूश्तानं खाली मान घालून खरं ते सांगितलं. मिलूद फसकन हसला.

"मर्दा, मला चार वर्षं झाली की! मी पेला गुपचूप पुदिन्याच्या कुंडीत वततो. उगं नाय मुंग्या लागल्यात तिथं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू बोललास?"

पुढची बैठक मिलूदकडं होती. त्यानं बिनसाखरेची केटली मांडली आणि शेजारी साखरेचा सुळका, म्हणजे शंकूसारखा घट्ट गड्डा, नि तो फोडायला हातोडी ठेवली. "ज्याला पायजे त्यानं फोडून घ्या."

आठांपैकी पाच जणांनी हातोडी उचलली. बूश्ता आणि मिलूद सोडून हातोडीला हात न लावणारा तिसरा निघाला लहसन, गोड चहाचं सगळ्यांत मोठ्यानं कौतुक करणारा.

"बघता काय?" लहसन रिकामा पेला पुढं करत खेकसला. "वता की!"