गिअर भाऊ टाकायचा

माझ्या मोठ्या भावाने ती गाडी जालन्याच्या एका रोलिंग मिलवाल्याकडून घेतली, तेव्हाच ती तीन-चार वर्षं वापरलेली होती. लांब बोनेट, जपानी बनावटीचं इंजिन, पाच गिअर. नव्वद सालच्या आसपास आमच्याकडच्या रस्त्यांवर तिच्या पुढे जाईल असं फारसं काही नव्हतं. भाऊ रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. मी बदनापूरला हायस्कूलमध्ये गणित शिकवायचो, रोज जालन्याहून रेल्वेने जाऊन-येऊन. गाडी आली त्या दिवशी त्याने मला शेजारी बसवून थेट भोकरदनला नेलं. काम काहीच नव्हतं. बाजारात चहा प्यायलो नि परत फिरलो. वाटेत तो एवढंच बोलला, "चौथ्यातून पाचव्यात जाताना आवाज उतरतो. तेवढा ऐक."

दहा वर्षांनी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तो तेव्हा पन्नाशीचाही नव्हता.

दवाखान्यातून घरी आला तो खुर्चीत बसून राहायला लागला. बोलायचा फार थोडं, शब्द तोंडातून घसरत यायचे. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. वहिनी म्हणायच्या, "भूक लागली का, हे पण सांगत न्हाईत." मी शाळा सुटल्यावर रोज त्याच्याजवळ तासभर बसायचो. मला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. लोक विचारायचे, मी उत्तर द्यायचो. निघताना चपला घालायचो नि घरी जाऊन जेवायचो.

गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. उंदरांनी वायर कुरतडल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "भावजी, विकून टाका. जागा अडून राह्यली." विकायची तर आधी चालू व्हायला हवी, म्हणून मी भावाच्या जुन्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने वायर जोडल्या, कार्बोरेटर साफ केला, दुसरी बॅटरी लावली. खूप वेळाने इंजिन सुरू झालं. अंगणभर धूर झाला.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. "भावजी, ते तुम्हाला बोलवून राह्यलेत."

मी आत गेलो. भावाने माझ्याकडे बघितलंही नाही. "एक सिलिंडर," तो सावकाश म्हणाला, "मारत न्हाई."

मी बाहेर येऊन तसं सांगितलं. मिस्त्रीने कान दिला, मान हलवली, तिसरा प्लग खोलला. तो काळा नि ओला होता. "बराबर बोले साहब," तो म्हणाला. "इसको खडी नक्को रखो सर. खडी रखे तो मर जाती."

पुढच्या रविवारी मिस्त्रीने नि मी भावाला उचलून पुढच्या सीटवर बसवलं नि मी गाडी औरंगाबाद रस्त्याला घेतली. माझ्याकडे लायसन होतं, सवय नव्हती. बदनापूर मागे पडल्यावर चौथा टाकताना गिअर करकरला. भावाने उजवा हात उचलला, दांड्यावरचा माझा हात बाजूला सारला नि आपला ठेवला.

"तू क्लच दाब," तो म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी तसंच. स्टिअरिंग नि पाय माझे, गिअर त्याचा. कधी टाकणार हे तो सांगायचा नाही. दांड्यावर त्याची बोटं आवळली की मी क्लच दाबायचो. सुरुवातीला फार चुकायचं. दिवाळीपर्यंत करकर थांबली.

"किती?" तो विचारायचा.

"ऐंशी."

"जाऊ दे."

"शंभर."

मग पाचवा. त्याचा चेहरा तसाच असायचा. मलाही आनंद वगैरे होत नव्हता. फक्त तेवढ्या वेळात संध्याकाळी पुन्हा त्या खोलीत बसायचंय, हे डोक्यात येत नव्हतं.

गाडीचं रोज काहीतरी निघायचं. रेडिएटर, पाण्याचा पंप, मग हेडचं गॅसकेट. नवे भाग मिळेनात, मिस्त्री भंगारातून शोधून आणायचा. शाळेतले सोबती म्हणायचे, "सर, नवी छोटी गाडी घ्या की. हिला कशाला पोसता?" मी म्हणायचो, बघू. विकायचा विषय वहिनींनीही परत काढला नाही. एकदा त्या मागे बसून आमच्याबरोबर आल्या. घरी उतरल्यावर म्हणाल्या, "एवढं पण ते घरी बोलत न्हाईत."

अशी चार वर्षं गेली. मग भावाला दुसरा झटका आला नि तो तीन दिवसांत गेला. तेराव्यापर्यंत सगळं माझ्याच हातून झालं, बिलकुल चूक न होता. त्यानंतरच्या रविवारी मी एकटाच गाडी घेऊन निघालो. तिसऱ्यातून चौथ्यात जायच्या वेळी क्लच दाबला नि थांबलो. इंजिन नुसतं घोंघावलं, गाडी हळू झाली, मागच्या ट्रकने हॉर्न दिला. मग मी हात खाली नेला नि गिअर टाकला.

गाडी माझ्याकडेच राहिली, उभी मात्र त्याच अंगणात. काही महिन्यांनी एका रविवारी मी निघताना वहिनी पदर सारखा करत अंगणात आल्या. "मी येऊ का?" म्हणाल्या नि पुढे बसल्या. मी साठच्या वर गेलो नाही. बदनापूर यायच्या आधीच त्यांना झोप लागली. बदनापूर स्टेशनपासून मी गाडी वळवली. घरी अंगणात शिरताना त्यांनी डोळे उघडले.

"आलो का?"

"आलो."

"जरा वेळानं उतरू," त्या म्हणाल्या. मी इंजिन बंद केलं नि आम्ही आत बसून राहिलो.