पिसाचा गळ आणि पोतंभर कोंडा

झुंबर सुरुंगवाल्याचं नाव कानावर आलं की आजही माझं डोकं फिरतं. आता मी मुलाकडे इंदिरानगरला राहतो. बायको म्हणते, सात-आठ वर्षं झाली, आता तरी सोडा. का सोडू? ज्याने एका दुपारी चिमाजीदादाचा डोह मारला, त्याला सोडायचं? मी डोह मारला म्हणतोय, मासे मारले असं नाही. मासे तर दादाही धरायचा.

चिमाजी घोटीच्या भातगिरणीत हमाल होता. मी, भिका, तिथेच काट्यावर. पोतं तोलायचं आणि चिठ्ठी लिहून द्यायची, एवढंच माझं काम. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, अंगाने काटकुळा. पण पाऊण क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचा तेव्हा फळीसुद्धा करकरायची नाही. तसाच तो नदीवरही चालायचा, पायाखालचा गोटा हलू न देता.

त्याचा बाप इगतपुरीला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होता. साहेब सुट्टीच्या दिवशी मासे धरायला बसे, आणि त्याच्या गळाला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. कोंबड्याच्या मानेचं पीस दोऱ्याने गळावर गुंडाळायचं, की तो एखाद्या किड्यासारखा दिसतो. तो बुडवायचा नाही, पाण्यावर तरंगत सोडायचा. साहेबाच्या देशात ट्राउट नावाचा मासा म्हणे असाच फसतो. आपल्याकडे ट्राउट कुठला? पण आपल्या नदीत खडशी मासा आहे. साहेब गेला, बापाने विद्या ठेवून घेतली आणि पोराला दिली.

फाल्गुन लागला, नदीची धार बारीक झाली, डोहाचं पाणी तळातले गोटे मोजता येतील इतकं नितळलं, की दादा माझ्या काट्याच्या खिडकीशी यायचा. "चल रं भिका, पळस फुलला." एवढंच बोलावणं. कळकाची काठी, तंगुसाचा दोरा आणि खोबरेल तेलाची चिमुकली बाटली. पिसाला तेलाचं बोट लावायचं, म्हणजे ते भिजत नाही. मग करंजाच्या सावलीत गुडघ्यावर बसून तो गळ असा टाकायचा की पाण्याला कळू नये. पीस तरंगत जायचं. खालून एक सोनेरी सावली वर यायची, थांबायची, विचार करायची.  दादा नुसता हसायचा. मग टप् असा आवाज, काठी वाकली, आणि त्याच्या तोंडून एकच शब्द, "आली."

दोन मासे. त्यावर तिसरा कधी नाही. छप्पन साली त्याने दीक्षा घेतली होती. गिरणीतले लोक चिडवायचे, "पंचशील पाळतोस अन् मासे कसे रं मारतोस?" तो म्हणायचा, "म्हनून तर दोनच मारतो. तुम्ही काय पाळता ते सांगा." 

त्याची एक रीत होती. गिरणीत जमिनीवर सांडलेला कोंडा तो झाडून फडक्यात बांधून न्यायचा आणि रोज संध्याकाळी घरी जाताना एका काळ्या खडकावरून डोहात मूठ-मूठ टाकायचा. गळ टाकायचा दिवस असो वा नसो. पंधरा वर्षं हे चाललं होतं. त्याच्या पायाची चाहूल लागली की खडश्या वर येऊन त्या खडकापाशी दाटी करायच्या, दारात कोंबड्या जमतात तशा. "खाल्ल्या घरची वळख असती त्यांना," दादा म्हणायचा. आणि मी मूर्ख, ही गंमत चहाच्या टपरीवर चारचौघांत रंगवून सांगायचो. जित्याची खोड.

त्या चारचौघांत झुंबर होता. बाहत्तरच्या दुष्काळानंतर आमच्या भागात विहिरी खोदायचं पेव फुटलं, तसा हा सुरुंग लावणारा ठेकेदार मोठा झाला. स्फोटकांचे तोटे, वाती सगळं घरात, आणि अंगात मस्ती. ऐंशी साली धुळवडीला त्याला सरकारी साहेब लोकांना जेवण घालायचं होतं. डोहात एक तोटा टाकला की झालं, पण एवढ्या लांब डोहात मासे कुठे शोधणार? तो दादाकडे आला, मासे खडकापाशी बोलावून दे म्हणाला. दादाने स्पष्ट सांगितलं, "त्या पान्यात तोटा पडला तर पिल्लूसुदिक ऱ्हानार नाय. पुढच्या सालाला काय खाशील, दगड?"

झुंबर हसत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या काट्यावर हजर. "भिकाभाऊ, पोतंभर कोंडा दे, म्हशीला पायजे."

मी दिला. तोलला आणि दिला! झुंबरच्या दारात म्हैस कधी होती? शेरडूसुद्धा नव्हतं. हे मला माहीत नव्हतं का? सगळ्या गावाला माहीत होतं. पण समोर गिऱ्हाईक, मागे ट्रकची रांग, आणि माझी अक्कल गेली होती चरायला.

दुपारी दादा पोतं घेऊन फळीवर होता. नदीकडून धप्प असा आवाज आला. आम्हाला सुरुंगांची सवय होती, कुणी मान वर केली नाही. दादा मात्र फळीवरच थांबला. "इहिरीचा नाय हा," तो म्हणाला. त्याने पाठीवरचं पोतं तिथेच टाकलं, जन्मात पहिल्यांदा, आणि पळत सुटला. मी त्याच्यामागे.

 काळ्या खडकापासून पार पलीकडच्या काठापर्यंत डोह पांढरा झाला होता. पोटं वर करून खडश्या, हाताएवढ्या, बोटाएवढ्या, नखाएवढ्या. झुंबरची माणसं कमरभर पाण्यात उतरून मोठे तेवढे घमेल्यांत भरत होती आणि काठावरचे रिकामटेकडे टाळ्या वाजवत होते. टाळ्या! लाज कशी वाटली नाही? आणि त्या सगळ्या मेल्या माशांच्या मधून तरंगत होता कोंडा, माझ्या गिरणीचा, माझ्या हाताने तोललेला. दादाने पंधरा वर्षं दिलेली सवय, आणि मी दिलेलं पोतं.

दादा खडकावर बसला आणि नखाएवढी पिल्लं एकेक करून उचलू लागला. एखादं तरी जिवंत असेल म्हणून ओंजळीत धरून पाहायचा, आणि खाली ठेवायचा. अंधार पडेपर्यंत त्याचं तेच चाललं होतं. मी मागे उभा होतो. 

दुसऱ्या दिवशी गावाने बोटं चाटत धुळवड केली.

तिसऱ्या दिवशी गिरणीत माझं तोंड उघडलं ते मिटेना. झुंबरला खडी फोडायला पाठवतो, पोलिसात अर्ज देतो, त्याचं हुक्कापाणी बंद करा, त्याला शिव्या, त्याच्या साहेबांना शिव्या. हमाल माना डोलवत होते. जितकं ओरडावं तितकं मला बरं वाटत होतं. बोंब मारण्यात मी होळीलाही मागे टाकलं.

दादा गर्दीच्या मागे उभा होता. माझा दम संपेपर्यंत थांबला. मग पुढे आला आणि काखेतली घडी काट्यावर ठेवली. रिकामं पोतं होतं. नदीत धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, कडा जुळवून दुमडलेलं. वर आमच्या गिरणीचा निळा छाप.

"भाऊसाहेब," तो म्हणाला. मला, भिकाला! "बारदान नदीवर ऱ्हायलं व्हतं. जमा करून घ्या."

 दादा, मला माहीत नव्हतं, एवढं तरी म्हणायचं होतं, पण तेसुद्धा खरं नव्हतं. त्याने माझ्या तोंडावर थुंकायला हवं होतं. सगळ्यांसमोर आईवरून शिवी द्यायला हवी होती. मी ती गोड मानून घेतली असती. त्याने फक्त हात पुढे केला.

"चिठ्ठी द्या," तो म्हणाला.

आणि मी दिली. एक रिकामं पोतं मिळालं, असं लिहिलं आणि खाली सही केली.