गोळीचं मार्जिन

शिंपीकाकांचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा काकूंनी आधी देवाला साकडं घातलं आणि मग डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाई म्हणाल्या, "रोज सकाळी अर्धी गोळी. हळूहळू वाढवत नेऊ, घाई नको."

काकांचा हेका एकच. "कोटाची काजं माझ्या हातची झाली पाहिजेत. ते जमत नसेल तर दुकानाला कुलूप!"

अर्धीची पाऊण झाली. हात थांबला, पण त्याबरोबर काकाही थांबले. मशीनवर मान टाकून झोपायचे. एकदा तापलेली इस्त्री कॉलरवर ठेवूनच पेंगले. कॉलर गेली; गिऱ्हाइकाची बोलणी काकूंनी खाल्ली. "एवढ्याशा औषधाने असं व्हायला नको," म्हणत डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली. हात पुन्हा थरथरू लागला. वाढवा, उतरवा, पुन्हा दवाखान्याच्या बाकावर बसा. काकूंचे पाय भरून यायचे. ओठांवर नाम असायचं, पण त्यातही जीव उरला नव्हता.

एका सकाळी त्यांनी पाहिलं, तर काका कापडाच्या कात्रीने गोळी कापत होते. मधल्या रेघेच्या चांगली पलीकडून.

"अहो, ही अर्धी?"

"अगं, नेमकं मापावर कोण कापतं? मार्जिन सोडायला नको? सैल झालं तर आत घेता येतं."

"पोटात गेलेली गोळी कशी आत घेणार? उसवून? आणि तो उरलेला तुकडा?"

"टाकून देतो. चिंधीच ती."

काकूंनी कपाळावर हात मारला. हसायलाही त्राण नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. गोळी कापायची डबी आता काकूंच्या ताब्यात. दिवस रेंगाळत गेले; कधी चक्कर, कधी थरथर. शेवटी एका मापावर डोळे उघडे राहिले आणि हात बराचसा स्थिरावला. "याच्या पुढे नको," बाई म्हणाल्या. "एवढी थरथर राहणारच."

त्या दुपारी काकांनी कोट मांडीवर घेतला. पहिलं काज वाकडं आलं. उजेडात धरून त्यांनी ते स्वतःच उसवलं. दुसरंही उसवलं. मग कोट काकूंकडे सरकवला.

"काजं तू कर. बटणं मी लावतो."

काकूंनी कोट ओढून घेतला. "आणि कुलूप?"

"आधी सुईत दोरा ओवून दे."