जिती की मेली
पिना मारायच्या मशीनची बॅटरी न काढता मी ती मशीन माझ्या भागीदाराच्या हातात दिली. एवढंच असतं तर कामातली चूक म्हणून मी ती कधीतरी विसरलोही असतो. पण त्यानंतर मी जे बोललो ते चुकून बोललो नव्हतो. ते आज लिहून काढतो आहे.

सडक अर्जुनीला महामार्गाच्या कडेला आम्हा दोघांचं ट्रकच्या सीटा बनवायचं दुकान होतं. नव्व्याण्णव साली सुरू केलेलं. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला बाबू. काम त्यानंच मला शिकवलं. प्लायवूडवर फोम बसवायचा, त्यावर रेक्झिन ताणायचं आणि खालच्या बाजूनं बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकत जायचं. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून चुका ओठांत धरायच्या. शेजारचा चहावाला म्हणायचा, "दोघाइच्याबी तोंडात चुका, म्हनून तुमचं भांडन होत नाई बे!"

दहा-बारा वर्षं अशी गेल्यावर आम्ही बॅटरीवरची मशीन घेतली. ट्रकच्या केबिनमध्ये वायर ओढत न्यावी लागायची नाही, वीज गेली तरी काम अडायचं नाही. मी तर खूश होतो. भाऊ मात्र पहिले दोन दिवस तिच्याकडं नव्या जावयासारखा बघत होता. सोबतचा कागद इंग्रजीत होता, तो आम्हाला वाचता आला नाही. मग त्यानं एक फळी समोर ठेवली आणि बॅटरी संपेपर्यंत पिना मारत बसला. लाल दिवा लागला, नंतर तोही विझला. त्यानं पुन्हा एकदा मशीन फळीवर टेकवून खटका दाबला, आणि एक पिन सणकन आत गेली.

"पाह्य," तो म्हणाला, "दिवा मेला तरी हे जितीच हाय."

तिथून आमच्या दुकानाचा कायदा सुरू झाला. मशीन दुसऱ्याला देताना देणाऱ्यानं सांगायचं. बॅटरी आत असेल तर ‘जिती’. बॅटरी काढून आपल्या मुठीत असेल तरच ‘मेली’. अडकलेली पिन काढायची तर मेलीचीच काढायची. खटक्यावर बोट ठेवून मशीन घेऊन फिरायचं नाही, तोंड माणसाकडं करायचं नाही, आणि दर शनिवारी, पिन जिथून सुटते त्या मशीनच्या नाकातला फोमचा भुसा अन् चिकटलेलं सोल्युशन ब्रशनं साफ करायचं. शनिवार आम्ही वाटून घेतले होते. गिऱ्हाइकं हसायची. एक ड्रायव्हर म्हणाला होता, "क्या भाई, मशीन है कि मरीज?" भाऊनं त्याला हसून उत्तर दिलं होतं, "मरीज तो हम बनेंगे."

असाच एक शनिवार माझा होता आणि मी तो चुकवला.

त्यानंतरच्या मंगळवारी रायपूरकडं जाणारा एक ट्रक दारात उभा होता. ड्रायव्हर घाई करत होता. मी सीटच्या खालच्या कडेला पिना मारत असताना मशीन अडकली. नाकात घाण साचून एक पिन वाकडी बसली होती. दिवा विझलेला होता. मला वाटलं, संपलीच आहे, आता कुठं बॅटरी काढत बसू? अडकलेली पिन काढण्यात भाऊचा हात चांगला, म्हणून मी मशीन त्याच्याकडं केली आणि म्हणालो, "मेली."

त्याच वेळी रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

भाऊनं मशीन गुडघ्यांत धरली, डाव्या अंगठ्यानं नाकाची पट्टी मागं दाबली आणि पक्कडीनं पिन ओढली. जोर लागावा म्हणून त्यानं गुडघे आवळले. खटका गुडघ्याखाली दाबला गेला. वाकडी पिन निघाली आणि मागची पिन त्याच्या अंगठ्याच्या सांध्यात शिरली.

तो ओरडला नाही. "आबाबा" एवढंच म्हणाला आणि हात छातीशी धरून खाली बसला. चहावाला धावत आला, ड्रायव्हर केबिनमधून उतरला. मशीन जमिनीवर पडली होती, बॅटरी आतच. ती सगळ्यांना दिसत होती.

"काऊन गा, तुमचा तं मोठा कायदा होता?" चहावाल्यानं विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "मी ‘जिती’ म्हनलो होतो. त्यालेच ‘मेली’ आयकू आलं."

भाऊनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. पण तो खरंच आठवून पाहत होता. मग म्हणाला, "असन. हॉर्न वाजून राहिला होता." दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही त्यानं सांगितलं, "मीच बरोबर आयकलो नाई साहेब." मी बाजूलाच उभा होतो.

पिन निघाली, जखम भरली, अंगठा मात्र पूर्वीसारखा वाकेना. अंगठ्याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही, कारण त्याहून वाईट गोष्ट रोज माझ्यासमोर घडत होती. तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायला लागला. "लाल रेक्झिन म्हनलास ना? का काळा?" मी सांगायचो. तो काम थांबवून, माझ्या तोंडाकडं बघत पुन्हा विचारायचा, "लाल ना?" मशीन हातात घेतली की मी काहीही म्हणालो तरी स्वतः बॅटरी तपासायचा. मी वैतागायचो. माझ्याच खोट्याचं फळ मी बघत होतो आणि वैतागतही होतो, हे लिहितानाही लाज वाटते.

आठ-नऊ महिन्यांनी एका सकाळी चहावाल्यानं मला दुकानाची दुसरी किल्ली दिली. "भाऊ देऊन गेला. कोहमाऱ्याले दुसऱ्या दुकानात लागला म्हने."

मला एक शब्दही न सांगता. इतक्या वर्षांनंतर, किल्ली चहावाल्याच्या हाती. मला आठवतं, मी त्या दिवशी शटर उघडलंच नाही. ओट्यावर बसून राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं की त्यानं मला दगा दिला. नातेवाइकांत सांगितलं, लग्नाच्या मांडवात सांगितलं. आणि ते मी मनापासून सांगत होतो, हेच विचित्र. आधी दगा कुणी दिला हे मला ठाऊक होतं, तरी फसवला गेल्याचं दुःख खोटं नव्हतं. दोन वर्षं मी ते उराशी धरून होतो. रस्त्यात तो दिसला तर मी मान फिरवायचो. तो हात वर करायचा, मग खाली घ्यायचा.

एका दुपारी वहिनी, भाऊची बायको, दुकानात आल्या. मी बसायला सांगितलं, त्या उभ्याच राहिल्या.

"भाऊजी, तुमी एकदा समजावून सांगा त्यायले. माहं आयकत नाई. सायकल सोडली, रस्ता ओलांडाचा तं कोनाचा तरी हात धरतेत. म्हनतेत, माहे कान गेले."

"डॉक्टरले दाखवलं का?"

"गोंदियाले नेलं ना! यंत्र लावून तपासले. डॉक्टर म्हने, कान चांगले हायेत. तं हे म्हनतेत, डॉक्टरले काय समजते? बाबू कायले खोटा बोलन?"

त्या पुढं म्हणाल्या, "दुकानबी त्याच्याच पायी सोडलं. म्हने, आज माहा अंगठा गेला, उद्या मी काही उलटं आयकीन अन् बाबूच्या डोऱ्यात पिन जाईन. तुमाले सांगतलं असतं तं तुमी जाऊ देल्ले नसते, म्हनून सांगतलं नाई."

ज्याला मी दोन वर्षं दगाबाज म्हणत फिरलो, तो मला जपायला गेला होता. माझ्या शब्दापुढं त्यानं डॉक्टर खोटा ठरवला, स्वतःचे कान खोटे ठरवले. त्या गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी त्याचं नेमकं काय नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोहमाऱ्याला गेलो. तो ट्रकच्या सावलीत बसून सीटला टाके घालत होता. मला बघून चटकन उठला. त्यानं मला बाजूला न्यायला हात पुढं केला, पण मी गेलो नाही. खोटं चारचौघांत बोललो होतो. दुकानाचा मालक होता, दोन कारागीर होते, एक ड्रायव्हर होता. त्या सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडाकडं बघत, मी म्हणालो, "भाऊ, तुहे कान चांगले हायेत. तुले जे आयकू आलं होतं तेच मी बोललो होतो. बॅटरी काढाचं काम माहं होतं, मी काढलो नाई, अन् लोकायसमोर तुह्यावर ढकलून देल्लो. तू मले कधीच दगा देल्ला नाई, मीच तुले देल्लो. मले माफ कर."