देवी आली अन् आत्याबाईनं मला घराभाईर काढलं

पैला फोड मीच बगितला. सकाळी आंघोळीला पोरीचं झबलं काढलं तर बेंबीच्या बाजूला एक, पाठीवर तीन, पाण्यानं भरलेले. मी वरडले, "आत्याबाई!" आत्याबाई म्हंजी माझी सासू. त्या चुलीपसून उठून आल्या, पोरीला उलटीपालटी करून बगितलं अन् म्हणल्या, "देवी आली. तू हात लावू नको." मला वाटलं पोरीला दुखंल म्हणून म्हणायल्या. न्हाई. माझ्यासाठी म्हणायल्या होत्या.

मपलं सांगायचं राह्यलंच की. पोरगी दीड वर्षाची होती तवा माझी बोटं सुजली. सकाळी मूठ वळंना, भाकर थापता येईना, पोरीच्या झबल्याचा नाडा सुटंना. परभणीच्या डॉक्टरनं सांगलं, आमवात हाय. तवापसून आठवड्याची एक गोळी, ती सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी घ्यायची, म्हंजी विसरत न्हाई. अन् एक बारकी गोळी रोजची. डॉक्टर म्हणले होते, तुझ्या अंगातली राखणच तुझ्या सांध्यायला चावायलीय, ती ह्या गोळ्यायनं दाबून ठेवायची. म्हणून दुसरा कोणता बी रोग तुला लवकर धरंल, ताप आला की घरी बसायचं न्हाई. मी सातवी शिकलेली, मला निम्मंच कळलं. आत्याबाई तर शाळेची पायरी चढल्या न्हाईत. पण बसमधून येताना त्याच म्हणल्या, "म्हंजी कुत्रं पिसाळलं म्हणून बांधून ठेवलं. बरं केलं. पण मंग चोर आला तर भुकंल कोण? आपल्यालाच जागं राहावं लागंल."

त्या जाग्या राह्यल्या. मी इसरून गेल्ते, त्या न्हाई.

त्याच दिवशी ह्यांनी मला गाडीवर परभणीला नेलं. डॉक्टरनं पैलं हेच इचारलं, "लहानपणी तुला कांजण्या आल्त्या का?" मला काय ठावं! तितूनच मायला फोन लावला. माय म्हणली, "तुला न्हाई गं, तुझ्या बहिणीला आल्त्या. तवा तुला जिंतूरला मामाकडं धाडलं होतं." डॉक्टरनं माझा जुना कागद काढून बगितला. मंग म्हणले, तुझ्यासारखीला ह्या कांजण्या छातीत उतरू शकत्यात. राती पोरगी कुटं झोपली होती? मी म्हणलं, माझ्या कुशीत. म्हणले, मंग आदीच लागल्या बी असतील. एका आठवड्याच्या गोळ्या लिहून देल्या, दिवसातून कैक बार घ्यायच्या, अन् पोरीसाठी तापाचं औषध. बाजाराच्या दिवसाची गोळी मी सांगस्तोवर बंद, रोजची बारकी मातर मनानं सोडायची न्हाई. पोरीची शेवटची खपली सुकस्तोवर लांब राहायचं. तीन आठवडे ध्यान ठेवायचं. ताप, फोड, न्हाईतर दम लागला तर त्याच घडीला यायचं.

घरी आले तर माझी वाकळ, दोन लुगडी अन् पाण्याचा गडू पोत्यात भरून आंगणात ठेवलेला. "आखाड्यावर राहायचं," आत्याबाई म्हणल्या. आमचा आखाडा म्हंजी शेतातलं पत्र्याचं खोपट, गावापसून ओढ्याच्या पल्याड. आत पोरगी "आई, आई" करून रडायली. मी बी रडले, म्हणलं, "मी न्हाई जायची. लेकराला देवी आली असताना कोणती आई घर सोडून जाती?"

"जिला लेकरापायी जित्तं राहायचंय ती जाती," त्या म्हणल्या अन् पोतं ह्यांच्या डोक्यावर देलं.

तेवढ्यात शेजारची काकू आली, दारातला कडूलिंबाचा डहाळा बगून उंबऱ्याच्या भाईरच थांबली. म्हणली, "आवं, सूनबाईला हाकलायल्या व्हय? देवीला राग येईल की!"

आत्याबाई म्हणल्या, "हिच्या हाडात एक पावनी दोन वर्षं ठाण मांडून बसलीय. आता दुसरी आली. दोघींला एका घरात ठेवून भांडणं लावू का?"

"अन् पोरीला ते दवाखान्याचं औषध पाजणार म्हणं? देवीला चालतंय का ते?"

"मी इचारलंय तिला. ती म्हणली तापाचं चालतंय, चहाड्या चालत न्हाईत."

काकू गेली पदर तोंडाला लावून. मला रडताना बी हासू आलं.

आत्याबाईच्या गालावर बारके खड्डे हायत. लहानपणी त्यायला कांजण्या येऊन गेलत्या. म्हणून त्याच पोरीपाशी. त्यायनं देवीचं सगळं पाळलं, फोडणी बंद केली, पाव्हण्याला घरात घेतलं न्हाई, अन् दवाखान्याचं बी सगळं पाळलं, पोरीची नखं काढली, तिची भांडी अलग ठेवली, आपल्या हातानं औषध मोजून पाजलं. दोन्हीत कुटं खटका म्हणून पडू देला न्हाई. मला आजून कळत न्हाई, एवढं डोकं त्यायनं कुटून आणलं.

माझे दिवस तिकडं लय वाईट गेले. आठवड्याची गोळी बंद झाली तशी मनगटं पुन्हा सुजली. गडूचं तोंड धरवंना. अन् भेव तर असं की जरासक दम लागला की वाटायचं, उतरल्या छातीत. जीव भ्यायचा, जीव भ्याला की आणिक दम लागायचा. मी दंड बगायची, पोट बगायची, डास चावला तरी फोड वाटायचा. हे डबा घेऊन यायचे. डबा उघडला की बिनफोडणीचं वरण अन् त्यात भाकर कुस्करून टाकलेली, रोज. मला भाकर मोडता यायची न्हाई हे मी कोणालाच सांगलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आदी आत्याबाई पोरीला कडंवर घेऊन ओढ्याच्या अल्याड यायच्या. मी पल्याड. मधी कोरडा ओढा, वाळू. चौथ्या दिवशी पोरगी वरडली, "आई, तू काय केलंस? आजीनं तुला का हाकललं?"

आत्याबाईच म्हणल्या, "तिनं गूळ चोरून खाल्ला."

"मी बी खाल्ता!" पोरगी म्हणली. "मला बी हाकल!"

मी ओढ्यात उतरले. खरं सांगते, चार पावलं गेले. आत्याबाई तेवढीच चार पावलं माघारी सरकल्या, पोरीला घेऊन. मी थांबले.

नवव्या दिवशी गावातल्या बाया म्हणायल्या, झाली की, लिंबाच्या पाण्यानं आंघोळ घाला, दहीभात दाखवा, आईला बोलवा. आत्याबाई म्हणल्या, कानामागं एक खपली आजून वली हाय. एका फोडापायी देवीची पाठवणी त्यायनं चार दिवस लांबवली. बाया हासल्या. त्या रोज पोरीला उन्हात उभी करून बोटानं अंग चाचपायच्या.

तेराव्या दिवशी त्या ओढ्यापशी थांबल्या न्हाईत, सरळ आखाड्यावर आल्या. पोरीला माझ्यापुढं उघडी उभी केली. "बग," म्हणल्या, "तुपल्या डोळ्यानं बग, मंगच घे." मी बगितलं. सगळ्या खपल्या वाळलेल्या. मला बोटायनं धरता येईना, म्हणून कोपरायनं कवळा घातला. पोरीच्या अंगाला लिंबाचा वास यायला होता.

घरी आले तरी डॉक्टरच्या तीन आठवड्यातले माझे आठ दिवस आजून बाकी होते, अन् देवीची पाठवणी झाली तरी चुलीवर फोडणी बंदच होती. त्या आठ दिवसांत रोज सकाळी पोरगी मला आंगणात उन्हात उभी करायची, आजीसारखा पदर खोचायची, खुर्चीवर चढून माझ्या कानामागं बोट फिरवायची. आत्याबाई चुलीपसून इचारायच्या, "हाय का गं काई?"

"न्हाई," पोरगी म्हणायची, "पण आजून वली हाय." कारण मी रडत असायची.

एकविसाव्या दिवशी बी तिला काई सापडलं न्हाई. मंग आत्याबाईनं वरणाला फोडणी देली.