चारनं गुणायचं राहिलं

ये वं पोरी, जवळ बस. तू मलकापुरात येऊन रक्त दुसऱ्याच लॅबमध्ये देतं, हे बरं नाही. म्हणे आमच्या गल्लीतला लॅबवाला चुकते!

अवं, तो माणूस चहातही पाणी मोजून टाकते. 'कसं काय' विचारलं तर काचेची नळी उजेडात धरूनच "हाव, बरं हाये" म्हणते. साखर लय असली की त्याच्या मशीनले मोजता येत नाही. मंग तो एक भाग नमुन्यात तीन भाग खारं पाणी मिसळते अन् आलेला आकडा चारनं गुणते.

तुह्या काकाच्या वेळी गुणायचंच राहिलं. रिपोर्टात एकशे चाळीस! काका खुशीत जिलबी घेऊन बसले. तेवढ्यात हा हातमोज्यांसकट धावत आला अन् ताटलीच ओढली.

"काकू, चूक माही हाये. साखर पाचशे साठ हाये, दवाखान्यात चला!"

"एक तरी खाऊ दे बे," काका म्हणे. त्यानं ऐकलं नाही, स्कूटरवर बसवून स्वतः नेलं. डॉक्टर म्हणे, बरं झालं वेळेवर आणलं.

चूक कोणाचीही होते वं. पण ती सांगाले असं पळत कोण येते? तुह्या बापाचीही साखर वाढली ना? त्याले उपाशीपोटीच घेऊन ये, लवकर. रक्त त्या लॅबवाल्याकडं देऊ, अन् भाकर माह्या घरी खा.