तीनपैकी दोन

सोमवारी माझा नवरा गेला. सकाळी तो आंघोळीला गेला आणि बाहेर आला नाही. शेजाऱ्यांनी दार तोडलं. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि मग घड्याळाकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी माझा फोन वाजायला लागला. डोंबिवलीतलं आमचं घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. सतरंजीवर बसून कुणी ना कुणी तेच विचारत होतं, आधी काही जाणवलं नव्हतं का. मी फोन पालथा ठेवला. तो थरथरत राहिला. शेवटी मी उठून गॅलरीत गेले.

आम्ही दोघं एकाच कंपनीत काम करायचो. कंपनी लहान, काम रक्तपेढ्यांचं. कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या पिशव्या आहेत, त्यातली कुठली कोणत्या रुग्णासाठी राखली, याचा डेटाबेस आम्ही सांभाळत होतो. तो एका यंत्रात नव्हता. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली अशा तीन ठिकाणी तीन सर्व्हर होते आणि प्रत्येक नोंद तिन्हींवर जायची. एक बंद पडला तर उरलेले दोघे आपसांत म्होरक्या ठरवून काम पुढे चालवायचे, कुणाला उठून काही करावं लागायचं नाही. मात्र कुठलीही नवी नोंद पक्की व्हायला तीनपैकी दोघांचा होकार हवा.

सासूबाईंनी एकदा जेवताना हे ऐकलं. "एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहायची? एका ठिकाणी धड लिहिता येत नाही का तुम्हाला?"

"तू लोणचं तीन बरण्यांत का भरतेस?" त्याने विचारलं.

"एक बुरसली तर दुसरी असावी म्हणून. पण माझ्या बरण्या दिवसभर एकमेकींना फोन नाही करत हो!"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढे कुणालाही हे काम समजावताना तो बरण्यांपासूनच सुरुवात करायचा.

तीनपैकी दोघांच्या होकाराचा नियम त्याने आम्हा माणसांनाही लावला होता. एक आज्ञा फार धोक्याची असते. एकट्या पडलेल्या सर्व्हरला, बाकीच्यांचा होकार नसताना, तूच म्होरक्या असं बजावणं. ती द्यायची तर तीनपैकी दोन माणसांनी हो म्हणायचं, असं आमचं ठरलं होतं. तिघं म्हणजे तो, मी आणि ठाण्याच्या कचेरीत बसणारी आमची सहकारी. फोन तिचाच होता.

"ताई, सॉरी गं, तुला आत्ता त्रास द्यायला नको होता. इकडे सगळं लटकलंय. बाळकुमला रस्ता खणताना केबल तोडली म्हणतात. कल्याण पण मेलंय, डोंबिवली पण मेलंय. एकटं ठाणं जिवंत आहे."



"मेलंय कशावरून?"

"उत्तरच देत नाहीयेत ना."

उत्तर न येण्याची कारणं दोन असतात. समोरचा उरलेला नसतो, किंवा मधली वाट उरलेली नसते. आपल्या बाजूने पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून ज्या सर्व्हरला स्वतःखेरीज कुणी दिसत नाही, त्याने ठरवायचं नसतं. त्याने जुनं हवं तर दाखवावं, नवं लिहू नये. ठाण्याचा सर्व्हर तेच करत होता.

"खाली एक बाळंतीण आहे," ती म्हणाली. आमची कचेरी तिथल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीच्याच वर आहे. "रक्त थांबत नाहीये तिचं. ओ निगेटिव्ह पाहिजे. कल्याणला एक बॅग दिसतेय स्क्रीनवर, फक्त राखता येत नाहीये. तिकडे फोन लागत नाहीये, आणि नोंद झाल्याशिवाय ते देणारही नाहीत. मी ठाण्याला म्होरक्या करते. माझं हो आहे. तुझं हो दे."

"तुला ठाण्याशिवाय काही दिसतंय?"

"नाही."

"मग माझं नाही."

फोनवर आवाज बदलला. मालक होते. त्यांनी आणि माझ्या नवऱ्याने मिळून ही कंपनी उभी केली होती.

"वहिनी, त्या बाईचा नवरा माझ्यासमोर उभा आहे. बॅग डोळ्यांना दिसतेय. मला नियम नका सांगू. तो असता तर एका सेकंदात हो म्हणाला असता."

"तो नाहीये."

"ठीक आहे. आम्ही दोघं हो म्हणतोय. झाले ना दोन?"

"तुम्ही तिघांत नाही."

"कंपनी माझी आहे, वहिनी!"

"कंपनी तुमचीच आहे."

कदाचित तो खरंच हो म्हणाला असता. समोर कुणी रडलं की तो विरघळायचा. मला ठाऊक नाही. पण त्याच्या वतीने एकदा कुणी बोललं की पुढे कुणीही बोलणार होतं. मी म्हटलं, "मी घरून, डोंबिवलीच्या बाजूने बघते. तोवर कशाला हात लावू नका."

"ठाण्याला एका बाळंतिणीला रक्त हवंय," एवढं सासूबाईंना सांगून मी कपाटातून लॅपटॉप काढला. मी तो घेऊन दारामागे बसले तशी आतेसासूबाई म्हणाल्या, "अगं, दहावा व्हायचाय अजून! आणि ही कॉम्प्युटर काढून बसली?"

सोमवारपासून सासूबाई कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्या भिंतीला टेकून होत्या, तिथूनच म्हणाल्या, "कुणाला तरी रक्त हवंय. बसू दे तिला."

माझ्या बोटांनी पासवर्ड चुकवला. पुन्हा चुकवला. मग स्क्रीन उघडली.

डोंबिवली चालू होतं. कल्याणही चालू होतं. केबल तुटताच त्या दोघांनी कल्याणला म्होरक्या नेमलं होतं आणि नोंदी येतच होत्या. ठाण्याला दिसणारी कल्याणची ती पिशवी मी शोधली. ती विठ्ठलवाडीच्या एका रुग्णासाठी केव्हाच निघून गेली होती. ठाण्याला ते कळलंच नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर त्या बाईचा नवरा हातात पक्की चिठ्ठी घेऊन कल्याणला गेला असता, आणि तिथे काहीच नव्हतं.

डोंबिवलीच्या पेढीत तपासणी होऊन नुकतीच एक ओ निगेटिव्ह जमा झाली होती. मी ती ठाण्यासाठी राखली. कल्याणचा होकार आला, डोंबिवलीचा आला. पेढीला फोन करून पिशवी मोटारसायकलवरून पाठवायला सांगितली, मग ठाण्याला कळवलं, "त्यांना कल्याणला धाडू नका. इथून निघाली आहे."

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं. बाहेर कुणीतरी चहा ढवळत होतं. वाटेत शिळफाट्याला किती गर्दी असेल याचा विचार मी करत राहिले. फोन मांडीवर होता. तो वाजला.

"पोचली," ती म्हणाली आणि रडायला लागली. बाई आणि बाळ दोघंही वाचली, हे रात्री कळलं.

संध्याकाळी केबल जोडली गेली. ठाण्याच्या सर्व्हरने मधल्या वेळातलं जे हुकलं होतं ते दोघांकडून मागून घेतलं आणि तो पुन्हा त्यांच्यात सामील झाला. त्याला आम्ही स्वतंत्र लिहू दिलं असतं तर दोन खऱ्या याद्या झाल्या असत्या, आणि त्यातली एक कुणाला तरी हाताने पुसावी लागली असती.

तेराव्याला आमची ठाण्याची सहकारी घरी आली. म्हणाली, "ताई, मी हो म्हटलं होतं."

"तुला दिसत होतं त्यावर म्हटलंस."

"तुला तरी त्या वेळी कुठे काय दिसत होतं?"

"नव्हतंच. म्हणून तर नाही म्हटलं."

बंद पडलेला सर्व्हर गटातून आपोआप वजा होत नाही. कुणीतरी त्याला काढावं लागतं. तोवर एकूण तीनच धरले जातात आणि त्या न बोलणाऱ्याची जागा मोजत राहावं लागतं. आमच्या तिघांतून त्याचं नाव काढायला मला बरेच दिवस लागले. ते काम दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

आता आम्ही दोघी आहोत. प्रत्येक वेळी दोघींचाही होकार लागतो. तिसरं माणूस अजून मिळालेलं नाही.